कागदावर ९० मायक्रॉन, इंजिनात ५०: तोच पिस्टन पुन्हा पुन्हा का घासतो

इंजिन नवं बांधलं. पिस्टन फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेला), बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, ताजा, आणि क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअर यांच्यातली मोकळी जागा, पिस्टनसोबत आलेल्या कागदाबरहुकूम. पहिले काही दिवस सगळं छान. मग एकदा पूर्ण थ्रॉटलवर गाडी अचानक जड होते, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. पाय काढला, बाजूला थांबलात, अर्ध्या तासाने सेल्फ मारला तर चालू. उघडून बघावं तर एका पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भिंतीवर) ओरखडे आणि बोअरला ॲल्युमिनियम चिकटलेलं. पिस्टन बदलता, बोअर साफ करून घेता, पुन्हा बांधता, आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा त्याच सिलिंडरात.

असं एक इंजिन माझ्या हातून दोनदा गेलं. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ८६ मिमीचा बोअर, टर्बो. दोन्ही वेळा तीन नंबर. क्लिअरन्सचा आकडा, ९० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बरोबर होता, तो कागद अजून माझ्याकडे आहे. चूक आकड्यात नव्हतीच. तो कधी, कुठे आणि कोणत्या अवस्थेत मोजला, यात होती. तिसऱ्यांदा बांधताना ती सापडली.

पिस्टन फेकू नका, आधी डाग वाचा

घासलेला पिस्टन हा पुरावा असतो. तो भंगारात टाकायच्या आधी उजेडात धरून नीट बघा, आणि कुठल्या सिलिंडरचा, पुढची बाजू कुठली, हे मार्करने लिहून ठेवा.

स्कर्टच्या दोन्ही चेहऱ्यांवर, म्हणजे गजन पिनच्या (पिस्टनला कॉनरॉडशी, क्रँककडे जाणाऱ्या दांड्याशी, जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात असलेल्या बाजूंवर, मधोमध ओढल्यासारखे चकचकीत पट्टे असतील तर जागा कमी पडली आहे. क्लिअरन्सची तक्रार बहुधा इथेच असते. पिनच्या भोकांच्या दोन्ही अंगांना, चार कोपऱ्यांत डाग असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापला: इंजिन गार असतानाच कुणीतरी पाय दाबला, किंवा पिन घट्ट बसली आहे. पिन हाताने सरकते का बघा. डाग एकाच चेहऱ्यावर असतील तर जागेपेक्षा ऑइलवर संशय घ्या. जास्त पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, आणि पिस्टनखाली ऑइलचा फवारा मारणारा जेट तुंबला असेल तरी असंच दिसतं. डाग तिरके असतील, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, तर कॉनरॉड वाकडा आहे. क्लिअरन्स कितीही वाढवला तरी तो सरळ होणार नाही. आणि पिस्टनच्या डोक्याची कड वाळूने फोडल्यासारखी खरबरीत दिसत असेल तर ते डिटोनेशन, म्हणजे इंधन नीट जळण्याऐवजी अचानक फुटणं. मग मायक्रोमीटर बाजूला ठेवा आणि टायमिंग व इंधन आधी बघा.

रिंगची टोकं विसरू नका. दोन्ही टोकं आरशासारखी चमकत असतील तर तापल्यावर ती एकमेकांना भिडली आहेत. रिंगला पसरायला जागा उरली नाही की ती भिंतीवर दाबली जाते आणि बोअरच्या वरच्या भागात उभे ओरखडे पडतात. लोक हे पिस्टनच्या माथी मारतात.

माझ्या तीन नंबरला दोन्ही चेहऱ्यांवर पट्टे होते, रिंगची टोकं कोरडी, डोकं साफ. तरी पहिल्या वेळी मी इंधनावरच संशय घेतला, कारण तो सगळ्यांनाच आधी येतो. तीन नंबरचा इंजेक्टर साफ करून एक नंबरला लावला, एकचा तीनला. दुसऱ्यांदा घासला तोही तीनच. एक नंबर जसाच्या तसा. तेव्हा इंधन सुटलं आणि मी मुकाट्याने मोजपट्टीकडे वळलो.

पिस्टन गोल नसतो

हे माहीत असूनही हात चुकतो. पिस्टन वरून बघितला तर अंडाकृती असतो, पिनच्या दिशेने बारीक आणि तिच्या काटकोनात रुंद. बाजूने बघितला तर पिंपासारखा. डोक्याकडे तो मुद्दाम लहान केलेला असतो, कारण ती बाजू सर्वांत जास्त तापते. म्हणजे ‘पिस्टनचा व्यास’ अशी एक गोष्ट नाहीच. पिस्टन बनवणारा सांगतो त्या उंचीवर, पिनच्या काटकोनात घेतलेलं माप, तेवढंच क्लिअरन्ससाठी धरायचं. माझ्या सेटला ती जागा स्कर्टच्या खालच्या कडेपासून १२ मिमी वर होती. तुमच्या सेटला वेगळी असेल, कागद बघा.

चुकीच्या उंचीवर मोजलं तर काय होतं हे एकदा स्वतः करून बघा. ऑइल रिंगच्या लगेच खाली धरा, मग सांगितलेल्या जागी धरा. काही मायक्रॉनचा नाही, काही वेळा थाऊ-दीड थाऊचा फरक येतो. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन.) आणि ही चूक एकाच दिशेने जाते. फुगीर जागा सोडून मोजलं की पिस्टन लहान वाटतो, त्या लहान मापावरून बोअर काढला की बोअरही लहान निघतो, आणि जागा तेवढीच कमी होते. मोजण्यातल्या बऱ्याचशा चुका इंजिन घट्ट करतात, सैल करणाऱ्या कमी.

स्कर्टवर काळा मॉली किंवा ग्राफाइटचा लेप असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: कागदावरचं माप लेपासकट आहे की लेपाशिवाय? लेप एका बाजूला १० ते २० मायक्रॉन असला तरी व्यासात तो २० ते ४० होतो. काही पिस्टनांना मोजायच्या जागी लेपात छोटी खिडकी सोडलेली असते, ती त्यासाठीच. काही लेप पहिल्या तासात मुद्दाम झिजावेत असे असतात. अंदाज करू नका, कागदात असतं.

तसंच ‘क्लिअरन्स’ म्हणजे एकूण की एका बाजूचा? एकूणच. बोअरच्या व्यासातून पिस्टनचा व्यास वजा. पिस्टन एका भिंतीला टेकवून दुसऱ्या बाजूने फीलर गेज घातली तरी एकूणच कळतो. एका बाजूचा समजून कुणी दुप्पट जागा केलेली इंजिनं मी बघितली आहेत, आणि अर्धी केलेलीही. फीलरबद्दल इतकंच सांगतो: ती सपाट पट्टी गोल भिंतीत बसत नाही. घाईत तपासायला ठीक, बोअर ठरवायला नाही.

बोअर गेजचा शून्य पिस्टनवरून घ्या

मायक्रोमीटरने पिस्टन मोजायचा, आकडा लिहायचा, मग बोअर गेज (बोअरचा आतला व्यास मोजणारं डायलचं हत्यार) एखाद्या ठरलेल्या मापाच्या कड्यावर शून्य करायची, बोअर मोजायचा, आकडा लिहायचा, मग वजाबाकी. बहुतेक जण असं करतात. यात दोन हत्यारांच्या दोन चुका एकत्र येतात.

त्यापेक्षा मायक्रोमीटर पिस्टनवर सांगितलेल्या जागी लावा आणि लॉक करा. पिस्टन काढून घ्या. मायक्रोमीटर व्हाइसमध्ये हलका धरा, फडकं लावून, आणि त्याच्या दोन तोंडांमध्ये बोअर गेज घालून डायल शून्य करा. मग ती गेज बोअरमध्ये सोडा. डायलवर जे दिसेल तोच क्लिअरन्स, वजाबाकी नाही. मायक्रोमीटर पाच मायक्रॉन खोटं बोलत असेल तर दोन्हीकडे तेवढंच खोटं बोलतो, म्हणून हिशेबातून उडून जातो. गेज बोअरमध्ये पुढेमागे झुलवा. काटा एका टोकाला जाऊन जिथून परत फिरतो तेच खरं माप. माझ्या हाताला एका जागी तीनदा झुलवल्यावर तोच आकडा यायला महिना लागला होता, तेव्हा पहिल्या दिवशी कंटाळू नका.

बोअर किमान तीन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर किमान दोन दिशांनी मोजा: क्रँकच्या लांबीत आणि तिच्या आडवा. जमल्यास तिरक्या दिशेनेही. वरपासून खालपर्यंत किंवा एका दिशेपासून दुसऱ्या दिशेपर्यंत १० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर परफॉर्मन्स इंजिनासाठी तो बोअर अजून तयार नाही. घट्टपणाचा विचार करताना सर्वांत लहान आकडा धरायचा. सरासरी काढू नका, पिस्टन सरासरीत फिरत नाही.

गरम ब्लॉक खोटं सांगतो

८६ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन दर १० अंश सेल्सिअसला साधारण १९ मायक्रॉन फुगतो. ओतीव लोखंडाचा बोअर साधारण ९. पिस्टन दहा मिनिटं हातात खेळवत बसलात आणि तो ब्लॉकपेक्षा दहा अंशांनी गरम झाला तर १९ मायक्रॉन गेले. ९० मधले १९.

होनिंगने, म्हणजे फिरत्या दगडांनी बोअर घासून मापात आणताना, ब्लॉकही तापतो. दगड फिरतात, भिंत ऊन होते, बोअर मोठा दिसतो. तेव्हाच मोजून ‘झालं’ म्हटलं तर गार झाल्यावर तो लहान होणार. पंधरा अंश उतरले की लोखंडी बोअर सुमारे १४ मायक्रॉन आवळतो. मापांचं प्रमाण तापमान २० अंश आहे. तेवढं गार वातावरण नसेल तर निदान पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर आणि गेज एका टेबलावर रात्रभर ठेवा आणि सकाळी, हात लावायच्या आधी, मोजा. दोघंही ३५ अंशांवर असतील तर प्रत्यक्षातली जागा २० अंशांच्या तुलनेत साधारण १५ मायक्रॉन कमी दिसेल, तेवढी जमेस धरा.

माझ्या ब्लॉकच्या कागदावर चारही सिलिंडरांना ९० लिहिलं होतं. मशीन शॉपने होनिंग कोणत्या क्रमाने केलं हे मी विचारलं. उत्तर आलं: एक, चार, दोन, तीन. तीन शेवटचा. तोवर ब्लॉक चांगलाच ऊन झालेला, आणि माप मशीनवरून उतरवायच्या आधीच घेतलेलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर एक नंबरला ८८, तीन नंबरला ७६. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी बांधतानाही मला ७६ दिसलं होतं. तेव्हा मी म्हटलं, गेजचा फरक असेल. हा आळस मला एका पिस्टनसेटला पडला.

हेड कसलं की बोअर बदलतो

पण ७६ मायक्रॉनवर तो पिस्टन घासायला नको होता. अजून काहीतरी खात होतं.

हेडचे बोल्ट कसता तेव्हा ते ब्लॉकच्या वरच्या भागाला प्रचंड ताकदीने ओढतात. बोल्टांच्या आसपासची भिंत हलते आणि सिलिंडर गोल राहत नाही. चार बोल्ट असले की चार पाकळ्यांच्या फुलासारखा काहीसा आकार येतो. हे काम वरच्या काही सेंटिमीटरात होतं, आणि पिस्टन वर असताना त्याच्या स्कर्टचा बराच भाग तिथेच असतो. उघड्या ब्लॉकवर गोल केलेला बोअर हेड बसवल्यावर गोल नसतो. कारखान्यातून आलेल्या नेहमीच्या इंजिनाला हे चालून जातं. जाड स्टड, जास्त टॉर्क, पातळ झालेल्या भिंती, ओव्हरसाइझ बोअर, असं सगळं एकत्र आलं की चालत नाही.

उपाय जुना आहे: टॉर्क प्लेट. हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट, मधून चार मोठी भोकं, ज्यांतून होनिंगचं हत्यार खाली जातं. ती इंजिनात लागणाऱ्याच स्टडांनी, त्याच जातीच्या गॅस्केटसह, त्याच टॉर्कला कसायची. बोल्ट बदलून प्लेट कसली तर आकार वेगळा येतो आणि सगळा खटाटोप फुकट. मेन बेअरिंगच्या कॅपही कसून ठेवायच्या, त्याही खालून ओढतात.

मी प्लेट आणून कसली आणि तीन नंबरमध्ये पुन्हा गेज सोडली. वरून ४० मिमीवर, क्रँकच्या आडव्या दिशेने, काटा ५१ वर जाऊन परत फिरला. तीनदा झुलवली. ५१, ५१, ५०.

म्हणजे कागदावर ९०, गार ब्लॉकवर ७६, इंजिनात ५१. माझ्या फोर्ज्ड पिस्टनला, टर्बोच्या उष्णतेत, ५१ मध्ये जगणं शक्यच नव्हतं. एक नंबर प्लेट लावून ६६ निघाला, तो काठावर तग धरून होता. त्याचाही स्कर्ट पुसून तिरक्या उजेडात बघितला तर धुरकट पट्टा होताच. मी तो आधी बघितलाच नव्हता, कारण तो घासला नव्हता ना.

मग आकडा कुठला घ्यायचा

पिस्टन बनवणाऱ्याचाच. खालचे आकडे फक्त तुमचा आकडा भलतीकडे तर नाही ना हे ताडून बघायला.

फोर्ज्ड पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंचे येतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के असतं, त्यामुळे तो कमी फुगतो. ८० ते ९० मिमीच्या लोखंडी बोअरला त्याची जागा बहुधा ५० ते ८० मायक्रॉनच्या आत राहते. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. तो चिवट आहे, डिटोनेशनचा मार खाऊन फुटण्याआधी वाकतो, म्हणून टर्बोवाले त्याच्या मागे असतात. पण तो जास्त फुगतो आणि त्याला ८० ते ११० किंवा त्याहून जास्त लागतं. बूस्ट किंवा नायट्रस जसं वाढेल तसा आकडा वर सरकतो. कारखान्याच्या ओतीव, भरपूर सिलिकॉनच्या पिस्टनांना ३० ते ५० पुरतं. इथेच आणखी एक जुनी चूक होते: जुने पिस्टन काढून फोर्ज्ड घातले आणि मॅन्युअलमधला क्लिअरन्स तसाच ठेवला. मॅन्युअल त्या इंजिनाचं असलं तरी त्यातला आकडा त्या पिस्टनचा असतो.

सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेला असेल तर हिशेब उलटा. भिंतही पिस्टनइतकीच फुगते, म्हणून जागा कमी लागते. तसल्या बोअरला साधे होनिंगचे दगड लावू नका, लेप उखडेल.

दुरुस्ती, आणि रिंगची मेख

प्लेट कसलेलीच ठेवून चारही बोअर होन करून घेतले, मध्ये थांबून, गार करून, मोजून. प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला. नव्या सेटचे चार पिस्टनही एकमेकांपासून चार-पाच मायक्रॉनने वेगळे निघतात, म्हणून आधी पिस्टन मोजून त्यांवर नंबर टाकायचे आणि मग बोअर त्यांना लावायचा. शेवटचा हात बारीक दगडाचा, क्रॉसहॅच (दगडांनी पडणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा) साधारण ४५ अंशांचा. मग गरम पाणी, साबण, ब्रश. पेट्रोलने धुतलेला बोअर स्वच्छ दिसतो, पण दगडांची भुकटी रेषांत तशीच राहते. ऑइल लावलेलं पांढरं फडकं भिंतीवर फिरवा. राखाडी डाग येत असेल तोवर धुणं संपलेलं नाही.

आता मेख. बोअर ४० मायक्रॉनने मोठा झाला की रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) ४० ने वाढत नाही, परिघाने वाढतो, म्हणजे ३.१४ पट. सव्वाशे मायक्रॉन. आधी जपून घासून बसवलेल्या रिंगा आता सैल झाल्या. म्हणून क्लिअरन्स सुधारायचा असेल तर नव्या, फाइल करून बसवायच्या रिंगा आधीच मागवा आणि गॅप शेवटी, प्लेट लावलेल्या बोअरमध्ये मोजा.

घासलेले जुने पिस्टन पुन्हा वापरावेत का? ओरखडे पॉलिश पेपरने जातात, माप परत येत नाही. एकदा अडकलेला स्कर्ट बरेचदा आत दबलेला असतो. सांगितलेल्या जागी मोजा. माझा तीन नंबर ३० मायक्रॉनने दबला होता, तो आता टेबलावर पेनस्टँड आहे.

उलटी तक्रार: टकटक

जागा जास्त झाली तर पिस्टन आत डोलतो. रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत, ऑइल जळतं, स्कर्ट हळूहळू दबत जातो. पण गार इंजिनाची टकटक ऐकून लगेच उघडायला धावू नका. २६१८ चा पिस्टन गार असताना सैल असतो आणि वाजतो. इंजिन तापल्यावर आवाज विरला तर ते त्याचं नेहमीचं वागणं. तापल्यावर राहिला किंवा वाढला तर एकेका सिलिंडरच्या कॉइल आणि इंजेक्टर दोन्हींची वायर काढून ऐका. ज्याची काढल्यावर आवाज बदलतो, तो दोषी. मोजायच्या आधी पिस्टनवरचा बाण पुढच्या बाजूला आहे ना ते बघा. पिनचं भोक पुष्कळदा मध्यापासून किंचित बाजूला असतं, आवाज कमी व्हावा म्हणून. पिस्टन उलटा बसला की अगदी बरोबर क्लिअरन्ससुद्धा वाजतो.

माझं इंजिन तिसऱ्यांदा बांधून झाल्यावर तीन नंबर प्लेटसकट ९१ निघाला, बाकीचे ८९ ते ९२. गाडीवाल्याला एकच अट घातली: ऑइल ६० अंशांवर जाईपर्यंत अर्ध्याहून जास्त थ्रॉटल नाही. हजार किलोमीटरनंतर प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. तीन नंबरच्या भिंतीवर क्रॉसहॅच वरपासून खालपर्यंत तसाच होता. सकाळी सेल्फ मारल्यावर पाच मिनिटं टकटक येईल हेही त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी थंडीच्या पहिल्या दिवशी त्याचा फोन आलाच.